घरापासून दवाखान्यापर्यंत: सीमाभागातल्या गावात प्राथमिक उपचारांच्या पोहोचीचा अभ्यास कसा करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या तालुक्यांत आरोग्याची सर्वेक्षणं होत असतात. समाजकार्याचे विद्यार्थी करतात, युवक मंडळं करतात, कधी ग्रामपंचायतीचे सदस्यही करतात. मेहनत खरी असते, पण बरेचसे अहवाल एकाच जागी चुकतात, कारण ते दवाखान्याच्या दारात उभं राहून लिहिलेले असतात. दारात उभा असलेला माणूस तर पोहोचलेलाच असतो. आपल्याला शोधायचा असतो तो न पोहोचलेला.

मीही पहिल्या वेळी हेच केलं होतं. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर दोन दिवस बसलो, साठ जणांना विचारलं, आणि बहुतेकांनी ‘सोय चांगली आहे’ म्हणून सांगितलं. परतताना पाणी प्यायला एका घरी थांबलो. तिथल्या आक्कांनी फळीवरच्या बिस्किटाच्या डब्यातून बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. तीन आठवड्यांपूर्वी आणलेल्या पंधराच्या पट्टीत अजून पाच गोळ्या शिल्लक होत्या. “एक दिवस सोडून खातो बघा, तेवढ्याच पुरत्यात,” असं त्या म्हणाल्या. माझ्या साठ कागदांत त्या कुठेच नव्हत्या. त्या दिवसापासून मी सुरुवात घरापासून करतो. खालचा क्रम त्यातूनच ठरला आहे.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात मांडा

‘आमच्या भागातील आरोग्यसेवेचा अभ्यास’ हा प्रश्न होत नाही, तो फार तर मथळा होईल. प्रश्न असा हवा: ‘गेल्या १५ दिवसांत आजारी पडलेल्यांपैकी किती जणांना पात्र डॉक्टर किंवा नर्सपर्यंत पोहोचता आलं, आणि जे पोहोचले नाहीत ते कुठे अडले?’

‘पोहोच’ या एका शब्दात पाच वेगळ्या गोष्टी असतात. पेंचान्स्की आणि थॉमस या आरोग्यसेवेच्या अभ्यासकांनी १९८१ मध्ये केलेली ही विभागणी आजही कामाला येते. डॉक्टर आणि औषध मुळात आहे का, तिथवर जाता येतं का, वेळ आणि पद्धत आपल्या दिवसात बसते का, खर्च झेपतो का, आणि तिथली वागणूक, भाषा, विश्वास माणसाला पटतो का. या पाचांसाठी वहीत पाच पानं करा. पुढे प्रत्येक प्रश्न लिहिताना तो यातल्या कुठल्या पानावर जातो ते बघा. कुठेच जात नसेल तर खोडा.

सावध: विमा योजना आणि प्राथमिक उपचार एकाच रांगेत धरू नका. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक असो, किंवा महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलेली महात्मा फुले जनआरोग्य योजना असो, दोन्हींचा भर दाखल होऊन घ्यायच्या मोठ्या उपचारांवर आहे. तापाला, खोकल्याला, दर महिन्याच्या शुगरच्या गोळ्यांना त्यांचा फारसा उपयोग नाही. ‘कार्ड आहे का?’ याला ‘हो’ असं उत्तर आलं म्हणून घराला डॉक्टर मिळाला असं होत नाही.

टप्पा २: शब्दांचे अर्थ आधी ठरवा

आपल्याकडे ‘दवाखाना’ म्हणजे सगळंच. नर्सबाईंचं उपकेंद्र, आरोग्य केंद्र, चौकातल्या डॉक्टरांची दोन खोल्यांची जागा, बेळगावचं जिल्हा रुग्णालय, मिरजेचं मोठं हॉस्पिटल, सगळ्याला दवाखानाच म्हणतात. ‘दवाखाना किती लांब?’ असं विचारलं की एक जण अर्धा किलोमीटर सांगतो आणि शेजारचा साठ. खोटं कुणीच बोलत नसतं.

‘डॉक्टर’ या शब्दाचंही तेच. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, उपकेंद्रातले सामुदायिक आरोग्य अधिकारी, आणि पदवी नसलेला पण तीस वर्षं गावात सुई देणारा माणूस, सगळेच ‘डॉक्टर’. प्रश्नावलीत नाव विचारू नका, कुठे गेलात ते विचारा. ती जागा कुठल्या प्रकारची हे तुमच्या चमूने नंतर ठरवायचं. खाजगी दवाखान्यांना कर्नाटकच्या २००७ च्या खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि प्रमाणपत्र दर्शनी लावावं लागतं. बाहेरून ते वाचता आलं तर वाचा. पदवी नसलेल्यांची नावं अहवालात छापू नका. काही वाड्यांवर रात्री अकराला दार उघडणारा तोच एक माणूस असतो. तो का लागतो हे आपल्याला शोधायचं आहे, त्याच्यावर धाड आणायची नाही.

‘फॅमिली डॉक्टर’साठी एक प्रश्न पुरत नाही. “आमचे डॉक्टर आहेत की” असं सगळेच म्हणतात. चार गोष्टी वेगळ्या विचारा:

– काही झालं तर आधी त्यांच्याकडेच जाता का?
– मागच्या वेळी काय झालं होतं ते त्यांना न सांगता ठाऊक होतं का?
– घरातली पोरं, म्हातारी माणसं, बायका सगळे त्यांच्याकडेच जातात का?
– मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी त्यांनी दिली होती का, आणि परतल्यावर तिथले कागद त्यांना दाखवलेत का?

चौथ्या प्रश्नाला सीमाभागात फार मोल आहे. माणूस खानापूरकडून गोव्याला बांबोळीला जातो, निपाणीहून कोल्हापूरला, कागवाडहून मिरजेला. कागद तिकडचे, डॉक्टर इकडचे. मधला दुवा तुटला की तीच रक्ततपासणी दोनदा होते आणि गोळ्या दुप्पट होतात.

टप्पा ३: परवानगी, पत्रं आणि माहितीचा अर्ज

घरोघरी जाण्याआधी ग्रामपंचायत अध्यक्ष, आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांना भेटा. आरोग्य केंद्रात पाहणी करायची असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं लेखी पत्र घ्या. अर्ज कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी किंवा इंग्रजी प्रत जोडा. विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या नैतिक समितीची मान्यता कामाआधी घ्यावी. काम झाल्यावर मागितलेल्या मान्यतेला अर्थ नसतो.

पदं किती, भरलेली किती, औषधसाठा किती, ही माहिती माहिती अधिकारातून मिळते. इथे अर्ज हमखास फेटाळले जातात, त्याची कारणं ठरलेली आहेत. २००५ च्या कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा लागतो, म्हणजे इथे कन्नडमध्ये. मराठीत लिहिलेला अर्ज अडकतो. कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून पदांचा अर्ज वेगळा आणि औषधांचा वेगळा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. घरभेटी सुरू करण्याच्या महिनाभर आधी अर्ज टाका, नाहीतर अहवाल छापून होतो आणि उत्तर मागून येतं.

तपासा: पत्राच्या भाषेत सीमावादाचा एकही शब्द आला नाही ना? आपली मतं काहीही असोत, अभ्यासाच्या कागदावर ती दिसली की अधिकारी आकडे बघतच नाहीत. आणि गावातली कन्नड, उर्दू बोलणारी घरं वगळायची नाहीत. औषध संपलं की ते सगळ्यांनाच संपलेलं असतं.

टप्पा ४: घरांची यादी आणि नमुना

शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती. त्या आकड्यांवर आजच्या गावाचा नमुना, म्हणजे विचारायला निवडायची घरं, काढला तर नव्या वसाहती, रानातली घरं, वीटभट्टीवरची खोपटी सगळी सुटतात. आशाताईंच्या नोंदवहीतली घरसंख्या घ्या आणि एक दिवस गावातून चालत नकाशा काढा. गावठाणाबाहेरच्या मळ्यातल्या वस्त्यांना वेगळा नंबर द्या, कारण डॉक्टरपासून लांब राहणारी माणसं जास्त करून तिथेच असतात.

किती घरं घ्यायची, हा प्रश्न सगळ्यात जास्त चुकतो. शंभर घरं भरपूर वाटतात, पण हिशोब करून बघा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) ग्रामीण भागात १५ दिवसांत आजारी असल्याचं ६.८ टक्के लोकांनी सांगितलं होतं. शंभर घरांत साधारण ४८० माणसं धरली तर आजाराचे प्रसंग येतील जेमतेम ३३. एवढ्या थोड्या प्रसंगांवरून ‘निम्मे लोक डॉक्टरकडे जात नाहीत’ असं म्हटलं तर खरा आकडा वर किंवा खाली १७ टक्क्यांनी सरकू शकतो. शंभरेक प्रसंग हवे असतील तर तीनशे घरं लागतात. तेव्हा तो फरक १० टक्क्यांवर येतो. घरं एकाच वस्तीतली असली तर त्याहून थोडा जास्त, कारण शेजाऱ्यांच्या अडचणी सारख्याच असतात.

एवढी ताकद नसेल तर दुसरी वाट आहे. बीपी, शुगर, दमा, फिट्स येणारे आणि गरोदर बायका यांची वेगळी यादी करा आणि त्यांना गेल्या ३० दिवसांबद्दल विचारा. दर महिन्याला दवाखान्याशी संबंध येतो तो यांचाच. थोड्या घरांतून पुष्कळ कळतं.

घरं निवडताना ‘प्रत्येक कितवं’ हे ठरवून घ्या. गावात १,२०० घरं आणि तुम्हाला ३०० हवीत, तर दर चौथं घर. पहिलं घर १ ते ४ मधली चिठ्ठी उचलून ठरवा. कुलूप असेल तर दोनदा परत जा. तरीही बंद असेल तर ‘बंद’ लिहा, शेजारचं घर घेऊ नका. शेजारी घरी असतो कारण त्याला रोजच्या कामावर जायचं नसतं, आणि इथेच नमुना कलतो.

घरात कुणाला मोजायचं हेही आधी लिहून ठेवा. चंदगड, गडहिंग्लजकडून आलेली सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते आणि आपल्या गावची लेक इकडे येते. इथल्या तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या कार्डावर, सून ‘तपासणीला आली नाही’ अशी दिसते, पण तिची तपासणी तिकडे झालेली असते. माझा नियम असा: गेल्या १५ रात्रींपैकी बहुतेक रात्री या घरात झोपलेला माणूस मोजायचा, आणि माहेरी गेलेल्या गरोदर सुनेची वेगळी नोंद करायची.

टप्पा ५: प्रश्नावली

‘आजारी होतं का कुणी?’ या प्रश्नाला पहिलं उत्तर ‘कुणी नाही’ हेच येतं. आपल्या घरांत उठता येतं तोवर माणसाला आजारी धरत नाहीत. म्हणून ‘कोणी काही अंगावर काढलं का?’ असं विचारा, आणि मग एकेका माणसाचं नाव घेऊन ताप, खोकला, अंगदुखी, जुलाब, चक्कर, अंगावरून जाणं, दातदुखी असं पुढे जा. याने यादी दुप्पट होताना मी पाहिली आहे. बायकांचे आजार तर असे एकेक करून विचारल्याशिवाय बाहेर येतच नाहीत.

साध्या आजारासाठी १५ दिवसांचीच मुदत ठेवा, दाखल झालेल्यांसाठी एक वर्ष. ‘गेल्या वर्षात किती वेळा ताप आला?’ याचं उत्तर कुणालाच आठवत नाही, तो आकडा अंदाजाचाच असतो.

अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका. दारातून निघून डॉक्टरांसमोर बसेपर्यंतचा वेळ विचारा: स्टॉपपर्यंत चालणं, गाडीची वाट, प्रवास, केसपेपरची रांग, डॉक्टरांची वाट. मोबाईलच्या नकाशावर सात किलोमीटर दिसणारी वाट खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी, जांबोटीच्या जंगलपट्टीत, पावसाळ्यात निराळी असते. तिथे ‘जुलैत कसे जाता?’ हा प्रश्न वेगळा ठेवा.

खर्चाच्या प्रश्नात सीमेचा हिशोब येतो. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमध्ये इथल्या महिलांना तिकीट नाही, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट, तेही त्यांच्या हद्दीत. त्यामुळे गडहिंग्लज जवळ असूनही सासू बेळगावला जाते आणि तिला सोबत करणारा मुलगा मात्र दोन्हीकडे पूर्ण पैसे देतो. म्हणून ‘भाडं किती?’ एवढ्यावर थांबू नका. कोण गेलं, सोबत कोण होतं, कुठल्या गाडीने, बुडालेली मजुरी किती, वाटेत काय खाल्लं, हे सगळं निरनिराळं लिहा. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बाईचा दिवस हजार विड्यांच्या हिशोबात मोजला जातो, तिला रुपयांत विचारण्याआधी “त्या दिवशी किती विड्या राहिल्या?” असं विचारा.

भाषेचा प्रश्न सरळ विचारला तर उत्तर एक तर भिडेपोटी येतं, नाहीतर रागातून. त्याऐवजी गोळ्यांची पट्टी मागा आणि “ही कशी घ्यायची सांगितली?” असं विचारा. बाहेरून बदलून आलेल्या डॉक्टरांना मराठी येत नसेल तर नर्सबाई दुभाषी होतात, आणि गर्दीत त्यांच्याकडे दोन वाक्यांपुरताच वेळ असतो. ‘जेवणाआधी’ आणि ‘जेवणानंतर’ यातली गफलत त्या पट्टीवर दिसते.

सावध: प्रश्नावली मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही हव्यात. कन्नड मजकूर दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत आणून घ्या आणि मूळ प्रश्नाशी ताडून बघा. लोकांच्या घरी बसल्या बसल्या आयत्या वेळी भाषांतर करू नका.

टप्पा ६: दहा घरांत रंगीत तालीम

नमुन्यात नसलेल्या दहा घरांत जाऊन या. किती वेळ लागतो, कुठल्या प्रश्नाला माणूस गप्प होतो, कुठे “म्हंजे काय वो?” असं विचारतो, ते टिपा. २५ मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर प्रश्न कापा. कोबोटूलबॉक्ससारखं फुकट अ‍ॅप मोबाईलवर रेंज नसतानाही चालतं, पण दोन दिवसांचे कोरे कागद पिशवीत असू द्या.

टप्पा ७: घरभेटी

दिवस निवडताना गावाचं पंचांग बघा. खानापुरात भातलावणीच्या आठवड्यात दुपारी घरात कुणी नसतं. चिकोडी, रायबाग, अथणीकडे ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांची खोपटी वाढतात, आणि आजारपणात त्यांना विचारणारं कुणी नसतं. ती खोपटीही यादीत घ्या. आठवडी बाजाराच्या दिवशी घरभेटी ठेवू नका, पण दवाखान्याची पाहणी जरूर ठेवा, कारण बरेच जण बाजार आणि डॉक्टर एकाच फेरीत उरकतात.

पुरुषांना पुरुषाने, बायकांना बाईने विचारावं. आशाताईंनी घर दाखवावं आणि परत जावं. त्या समोर असल्या की “सगळं मिळतं” असंच उत्तर येतं. शेजारी ओट्यावर जमले की थांबा आणि “मावशी, आत बसूया का?” म्हणा. टीबी, गर्भपात, एचआयव्ही असे विषय लोकांसमोर निघू देऊ नका. संमती आधी तोंडी समजावून मग सही किंवा अंगठा घ्या, आणि “नको” म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा गळ घालू नका.

भेटीत कुणाला धाप लागलेली, छातीत दुखतंय, गरोदर बाईचे पाय सुजलेत असं दिसलं तर प्रश्नावली खाली ठेवा. १०८ ला फोन लावा किंवा नर्सबाईंना बोलवा. सल्ल्यासाठी १०४ ही आरोग्य सहायवाणी आहे. हे काम सर्वेक्षणाच्या आधीचं आहे.

तपासा: रोज संध्याकाळी सगळे कागद एकत्र वाचा. घरभेटी करणाऱ्या एकाच माणसाच्या दहाही घरांत ‘आजारी कुणी नाही’ असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत दुसरा माणूस द्या आणि त्यातली दोन घरं पुन्हा करा.

टप्पा ८: दवाखान्याची पाहणी

आता दारात जायचं. निकष ठाऊक असू द्या: उपकेंद्र सपाट भागात ५,००० लोकांमागे आणि डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे, प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० आणि २०,००० मागे. इमारत आहे म्हणजे निकष पुरा झाला असं मात्र नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वेळी जा: फलकावरच्या उघडण्याच्या वेळी, दुपारी, आणि बंद होण्याआधी अर्धा तास. प्रत्येक वेळी डॉक्टर आहेत का, नसतील तर प्रशिक्षणाला, बैठकीला की दुसऱ्या केंद्राच्या जादा भारावर गेलेत, ते विचारून लिहा. एकच डॉक्टर दोन केंद्रं सांभाळत असेल तर दोष त्यांचा नसतो, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे.

औषधांची लांबलचक यादी नको. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची अ‍ॅमलोडिपिन, पॅरासिटामॉल, ओआरएस, लोह-फॉलिक अ‍ॅसिड, एवढी पाच त्या दिवशी हातात मिळतात का आणि किती दिवसांची देतात, ते बघा. दर दहा दिवसांनी बोलावणं आणि महिन्याची गोळी एकदम देणं, यात मजुरी करणाऱ्याच्या तीन फेऱ्या आणि एक फेरी असा फरक पडतो.

टप्पा ९: मोजणी

टक्केवारीच्या आधी पायऱ्या मांडा. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत का गेलं नाही हे बघताना आपण बांध बांध तपासतो, तसंच. आजार झाला, जावंसं वाटलं, निघाले, पोहोचले, डॉक्टर भेटले, औषध मिळालं, पुढच्या वेळी परत गेले. समजा १०० प्रसंगांपैकी ७० जण निघाले, ६४ पोहोचले, ४५ जणांना डॉक्टर भेटले आणि ३० जणांना पूर्ण औषध मिळालं. मग रस्त्यात सुटले ६ आणि दारात पोहोचल्यावर सुटले १९. अशा गावाची मोठी मागणी रस्त्याची नाही, डॉक्टरांच्या हजेरीची आहे. आणि जे ३० जण निघालेच नाहीत, त्यांची कारणं त्यांच्याच शब्दांत वेगळ्या कागदावर उतरवा. “गेलो तर दिवस जातो” आणि “गेलो तर ओरडतात” या दोन उत्तरांवरचे उपाय निराळे आहेत, त्यांना ‘इतर’ या एका खान्यात कोंबू नका.

मग हेच आकडे बायका आणि पुरुष, गावठाण आणि मळा, घरात बोलली जाणारी भाषा असे फोडा. एका गटात दहापेक्षा कमी प्रसंग असतील तर टक्केवारी देऊ नका, मोजून संख्या लिहा. छोट्या गावात ‘मळ्यातली फिट्स येणारी एक मुलगी’ एवढं लिहिलं तरी ती कोण हे सगळ्यांना कळतं. अशी ओळ काढून टाका.

टप्पा १०: आकडे परत गावात

छापण्याआधी दोन ठिकाणी वाचून दाखवा. आधी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि नर्सबाईंना, म्हणजे चुकलेलं ते सुधारतील आणि त्यांच्या अडचणी त्यांच्या तोंडून येतील. नंतर ग्रामसभेत, दोन्ही भाषांत, एका पानावर. त्या पानावर पायऱ्यांचा तक्ता आणि तीन मागण्या असाव्यात, आणि प्रत्येक मागणीपुढे ती कुणाच्या अखत्यारीत येते ते लिहा: गोळ्या एकदम ३० दिवसांच्या देणं आरोग्य केंद्राच्या हातात, छोटी दुरुस्ती आणि बसायची सोय केंद्राच्या आरोग्य रक्षा समितीकडे, रिक्त पद भरणं जिल्हा आणि राज्याकडे. ठरावाची नक्कल तिथेच मागून घ्या, आणि सहा महिन्यांनी यायची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. त्या तारखेला तीच पाच औषधं आणि त्याच तीन वेळा पुन्हा तपासायच्या, आणि यादीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन गोळ्यांची पट्टी मागून बघायची.